पणजोबांचं नाव कशाला हवंय?

धायरीत कुणालाही पत्ता विचारा. रायकर मळ्याला कुठून आत शिरायचं, बेनकर वस्तीला रिक्षा कुठं मिळते, श्रावणात धारेश्वराच्या देवळाशी गाडी कुठं लावली तर निघताना ती बाहेर काढता येते, सगळं सांगतील. वेळ असला तर गाडीवर मागं बसवून फाट्यापर्यंत सोडतीलसुद्धा. त्याच माणसाला सहज विचारून बघा, "तुमच्या पणजोबांचं नाव काय हो?" हातातला चहा हातात राहतो. डोळे बारीक होतात. मग प्रश्नाला प्रश्न येतो, "कशाला हवंय? कुठल्या सर्व्हे नंबरचं काम आहे?"

त्याचं काही चुकत नाही. धायरी महापालिकेत गेली २०१७ साली, पण तिच्या जमिनी त्याच्या कितीतरी आधीपासून जायला लागल्या होत्या. जिथं गुंठ्याचा भाव ऐकून ऐकणारा आधी बसायला खुर्ची शोधतो, तिथं पूर्वजांविषयी कुणाला निर्मळ कुतूहल असेल यावर कोण विश्वास ठेवणार? पणजोबांचं नाव विचारायला आपल्याकडे तीनच कारणं मान्य आहेत : वारसनोंद, जातपडताळणी आणि सोयरीक. चौथ्या कारणाला, म्हणजे हौसेला, अर्जात रकानाच नाही.

मला ही चौथ्या प्रकारची बाधा झाली ती न्यू जर्सीतल्या भाच्यामुळे. त्याच्या शेजाऱ्याने म्हणे घरबसल्या आपला खापरपणजोबा कुठल्या बोटीने आला, कुठल्या बंदरात उतरला आणि उतरताना त्याच्या खिशात किती डॉलर होते इथपर्यंत शोधून काढलं. अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या याद्यांत तेही लिहिलेलं असायचं. भाच्याला वाटलं, आपलंही असं एक झाड असावं. त्याने संकेतस्थळावर स्वतःचं, बायकोचं, मुलांचं नाव घातलं, फोटो चिकटवले, आईपर्यंत पोचला आणि आजोबांपाशी गाडी अडली. मग मला फोन. "मामा, तू रिटायर्ड, त्यात पुण्यात. तुला वेळच वेळ." सिंहगड रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला राहणाऱ्याला वेळच वेळ असतो असं समजणारा माणूस किती वर्षं परदेशात आहे, हे यावरून कळावं.

पहिली ठिणगी पडली जन्मतारखांवरून. माझे वडील आणि त्यांचे भाऊ, सगळ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. संकेतस्थळाने लाल खूण करून विचारलं, सगळी भावंडं एकाच तारखेला? तपासून पाहावे. तपासायचं काय त्यात! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तरांना तारीख हवी असायची आणि आईला एवढंच आठवायचं की तेव्हा ज्वारी काढायला आली होती. मग मास्तरच पोराला जन्माला घालायचे. महाराष्ट्राच्या दोन पिढ्या अशा १ जूनला जन्मल्या आणि ३१ मेला एकगठ्ठा निवृत्त झाल्या. खऱ्या जन्मवेळा घरात पाठ असतात, पण त्या निराळ्या पंचांगात : प्लेगच्या साली, मानमोडीच्या साथीत, पानशेत फुटलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा हे मला कळतं, संकेतस्थळाला कसं कळावं?

नावांचा घोळ याहून मोठा. आमच्याकडे नारायण विष्णू. त्यांचा मुलगा विष्णू नारायण. त्यांचा मुलगा पुन्हा नारायण विष्णू. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं ही आपली रीत, त्यामुळे घराणं दोनच नावांवर शंभर वर्षं चालतं. संकेतस्थळाने अदबीनं विचारलं, या दोन व्यक्ती एकच दिसतात, जोडू का? भाच्याने रात्रीच्या झोपेत ‘हो’ दाबलं. सकाळी माझे पणजोबा स्वतःचेच आजोबा झालेले होते. त्यातून या मंडळींना हयातीत त्यांच्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. सगळे अण्णा, नाना, तात्या. बायकोने नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही लोकांनी आग्रह केल्यावर. एका चुलत पणजोबांचं खरं नाव आमच्या घराण्यात फक्त एका उखाण्यामुळे टिकलंय. ते ‘गोविंद’ असावं. यमकासाठी ‘मुकुंद’ही चाललं असतं, म्हणून ‘असावं’.

आणि मध्येच कुणीतरी दत्तक जातो. इकडे एक फांदी अर्धवट तुटलेली दिसते, तिकडे दुसऱ्या आडनावाच्या घरात एकाएकी चौदा वर्षांचा मुलगा उगवतो, आणि दोन्हीकडचे म्हणतात, आमच्याकडे असं काही झालेलं नाही.

इंटरनेटवर पूर्वज शोधायचे तर सगळ्यात मोठं फुकट कोठार आहे अमेरिकेतल्या युटा राज्यात, मॉर्मन लोकांचं. १८९४ पासून त्यांची वंशावळ-मंडळी जगभरची दफ्तरं गोळा करताहेत. मेलेल्या पूर्वजालाही मागाहून पंथात घेता येतं अशी त्यांची श्रद्धा आहे, त्यामुळे पूर्वज सापडणं हे त्यांच्याकडे निकडीचं काम. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही फोटो काढून ठेवलेत त्यांनी. म्हणजे आमचे कुणी पूर्वज गंगेत बुडी मारून आले असतील, तर ते सॉल्ट लेक सिटीला विचारायचं.

दुसरं कोठार इंग्रजांचं. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या कुटुंबांचा इतिहास शोधणारी एक संस्था विलायतेत १९९८ पासून आहे, तिची सूची फुकट पाहता येते. मी सहज ‘पूना’ टाकलं. कॉर्पोरल, सार्जंट, त्यांच्या बायका, चार महिन्यांची बाळं, कुणाचा बाप्तिस्मा कधी, लग्न कुठं, पुरलं कुठल्या दफनभूमीत, ओळीने सगळं. दीडशे वर्षांपूर्वी खडकीच्या छावणीत जुलाबाने गेलेला कुठला एक परका शिपाई मला तारखेनिशी सापडला, आणि त्याच सुमारास इथून पन्नास कोसांवर पोतंभर कागद खरडत बसलेले माझे खापरपणजोबा मात्र नाहीत. खापरपणजोबा तर कुलकर्णी! अख्ख्या गावाचा हिशेब त्यांच्या बोरूतून उतरलेला. कुणाचा किती दस्त, कुणाची बाकी, कुणाचं पीक बुडालं, सगळं लिहिलं. स्वतःविषयी एक ओळ लिहायला त्यांना दौतीत शाई उरली नाही.

हे सगळं मी आमच्या इमारतीतल्या भाऊसाहेबांना सांगितलं. ते निवृत्त तलाठी. खेड्यात तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात, आणि पेन्शन सुरू झाली तरी ते सुटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्यात वाद किती झाले?"

म्हटलं, आमचं घराणं तसं शांत.

"मग अवघड आहे," भाऊसाहेब म्हणाले. "कुलकर्णी, ज्या घरात भांडण नाही त्या घराचा कागद नाही. सख्खे भाऊ गोडीने एका चुलीवर जेवले तर फेरफार कशाचा पडणार?"

मी हे आधी थट्टेवारी नेलं. नंतर आठवायला लागलो, तर सगळा मराठी इतिहास भाऊसाहेबांच्या बाजूने उभा. राजवाड्यांनी १८९८ पासून जी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ छापली, त्या बावीस खंडांत काय आहे? लढाया आहेत, तह आहेत, पण ही पाटीलकी आमची की त्यांची, मान आधी कुणाचा, शीव कुठवर, हेही पानोपानी. माणूस आपल्या पाच पिढ्या सांगायला बसतो तो दिवाणात, समोर प्रतिवादी उभा असताना. कारीच्या जेध्यांचा करीना घ्या. आज शोधयंत्रात नुसतं ‘करीना’ टाकलं तर जे फोटो येतात त्यांचा कारीशी काही संबंध नाही, पण मूळ करीना ही जेधे घराण्याची हकिकत, आणि तीत वतनाचं भांडण ठासून भरलेलं आहे. मग इंग्रज आले, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदाराला फर्मान सुटलं, पुरावा दाखवा नाहीतर इनाम विसरा. त्याबरोबर कैफियती आल्या, सनदा आल्या, आणि एरवी ज्यांना आजोबांचं नाव आठवायला कपाळाला आठ्या घालाव्या लागत होत्या त्यांना मूळपुरुषापासून सगळं धडाधड आठवलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जे कोट्यवधी मोडी कागद आहेत, त्यांतल्या किती वंशावळी प्रेमापोटी लिहिल्या असतील? सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये त्या दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले, म्हणजे नुसते निवडक हो.

तंजावरच्या भोसल्यांनी तर कमाल केली. तुळजा राजांनी सर्फोजींना दत्तक घेतलं, चुलते अमरसिंग म्हणाले दत्तक खोटं, गादी माझी. प्रकरण काशीच्या पंडितांपर्यंत आणि कंपनी सरकारपर्यंत गेलं. अखेर सर्फोजींना गादी मिळाली, राज्य कंपनीने नेलं. मग १८०३ मध्ये सर्फोजींनी आपल्या घराण्याची समग्र हकिकत बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतली, मराठीत. ज्याच्या दत्तकावर एवढा वाद झाला तो माणूस कागदावर कसा विसंबेल? भिंतीचा पासवर्डही विसरत नाही.

आणि इंग्रज शिपायाची नोंद का टिकली? तर पाद्र्याच्या नोंदवहीची नक्कल बोटीने लंडनला जायची, आणि विधवेच्या पेन्शनसाठी ती उपयोगी पडायची. इथंही पैसाच.

भाऊसाहेबांनी मला आधी भूमी अभिलेखवाल्यांच्या ‘आपले अभिलेख’वर बसवलं. जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ठेवलेत. एक पान उघडलं. कडा खाल्लेल्या, मध्येच स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, शाई पलीकडच्या पानावरून अलीकडे उमटलेली. भाऊसाहेब चष्मा वर सारून मंत्र म्हणावेत तसे वाचू लागले : "खातेदार मयत. वारस मुलगे तीन, पैकी धाकटा अज्ञान, अ.पा.क. आई. थोरल्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. वर्दीवरून नोंद." अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन करणारी, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तीन ओळींत बाप गेला, आई विधवा झाली, धाकट्याचं मिसरूड फुटायचं होतं आणि थोरला अकाली मोठा झाला. कादंबरीकार याला तीनशे पानं घेतो आणि वर प्रस्तावना जोडतो.

"बहिणी नव्हत्या का?" मी विचारलं.

"असतील की. त्या इथं नसतात." भाऊसाहेबांनी बोट उजवीकडे नेलं. "असल्या तर ‘इतर हक्क’च्या रकान्यात."

विहिरीतला हिस्सा, सोसायटीचं कर्ज, जाण्यायेण्याची वाट आणि बहिणी, सगळं ‘इतर हक्कां’त. आधीच लग्नात बाईचं नाव तांदळात बोटाने पुसून नवं लिहायचं, त्यामुळे माहेरची कृष्णा आणि सासरची लक्ष्मी एकच हे सांगणारं कुणी उरत नाही. सरकारदप्तरी ती एकदा ‘इतर हक्कां’त दिसते आणि दुसऱ्यांदा, बहुधा शेवटची, हक्कसोडपत्रावर, अंगठा उठवताना. माझ्या पणजीची बहीण होती याचा एकमेव पुरावा हा की तिने काहीएक मोबदला न घेता, राजीखुशीने, अक्कलहुशारीने सगळं सोडलं. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला, लेकींना लेकांइतका हिस्सा आला, तेव्हापासून धायरीकडच्या वंशावळींत आत्या फार वाढल्यात. चाळीस वर्षं ज्यांच्याकडे भाऊबीजेलाही कुणी गेलं नव्हतं, त्यांची नावं, सासरचं गाव, मुलंबाळं, सगळं भावांना तोंडपाठ. बिल्डरच्या वकिलाला सह्या लागतात.

बिल्डरवरून आठवलं. आमच्या सोसायटीत नगरचे आहेत, लातूरचे आहेत, खानदेशातले आहेत, एक कुटुंब थेट झाशीचं. आपल्या आजोबांच्या वडिलांचं नाव सांगा म्हटलं तर निम्म्यांची गाडी अडते. पण प्रत्येकाच्या कपाटात, फ्लॅटच्या फाइलीत, वकिलाचा टायटल सर्च रिपोर्ट आहे. बँकेने मागितला म्हणून घेतला, वाचला कुणी नाही. मी वाचला. त्यात ही जमीन मुळात कुणाची, तो कधी वारला, त्याला मुलगे किती, मुली किती, कोण अज्ञान होता, कुणी कुणाला कुळ लावलं, दावा कधी पडला, तडजोड कधी झाली, सगळं फेरफार क्रमांकानिशी. म्हणजे आम्ही सगळेजण आपापल्या तिजोरीत एका अनोळखी घराण्याची सुरेख वंशावळ बाळगून आहोत. कर्ज फिटेपर्यंत तीच आमची कुलकथा म्हणायची. गेल्या सत्यनारायणाला संकल्पात मी चुकून त्यांच्याच मूळपुरुषाचं नाव घेणार होतो.

मध्यंतरी, २०२३ च्या सप्टेंबरात, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सगळं राज्य जुन्या दप्तरांत उतरलं. गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचं रजिस्टर, शाळांचे प्रवेश-निर्गम, पाहणीपत्रकं, सगळ्यांच्या फडताळांची दारं उघडली, आणि सापडलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. मोडी वाचणारी माणसं एका रात्रीत डॉक्टरांइतकी दुर्मिळ आणि तितकीच व्यग्र झाली. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी शिकायला जाणाऱ्याला पूर्वी घरचे विचारायचे, याचा उपयोग काय? आता तेच विचारायला लागले, रविवारी येता का, गाडी पाठवतो. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाची बाजू-दुसरी बाजू ज्याची त्याने मांडावी. पण मराठी माणसाने पणज्याचं नाव एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या तळमळीने याआधी कधी शोधलं नसेल.

एरवी आपली हद्द तीन पिढ्यांची. श्राद्धाला बाप, आजा, पणजा एवढीच नावं लागतात, मग डोकंही तेवढंच साठवतं. गोत्र ठाऊक नसेल तर गुरुजी काश्यप लावून मोकळे होतात. पुढच्या मंत्राला उशीर नको.

कुणीतरी सांगितलं म्हणून मी त्र्यंबकेश्वरालाही जाऊन आलो. तीर्थोपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारलं, आत गेले आणि लाल कापडात बांधलेली लांबट वही घेऊन आले. मोडीच. आधी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, शब्द कुठं तुटतो ते ज्याने त्याने समजून घ्यायचं. उपाध्ये वाचत गेले. पणजोबा आलेले, बरोबर दोघे बंधू, मातोश्रींच्या अस्थी घेऊन, खाली त्यांची सही. मी भारावायच्या बेतात होतो, तेवढ्यात उपाध्ये म्हणाले, "खाली वेगळ्या हातचं आहे." दुसऱ्या शाखेचे कुणी पुढे केव्हातरी आले होते. त्यांनी आमच्या नोंदीखाली लिहून ठेवलं होतं की वडील पाती आमची असून वरील मंडळी धाकटी आहेत, इत:पर ध्यानी ठेवावे.

मी त्या पानाचा फोटो भाऊसाहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "अभिनंदन! वाद निघाला."

ती दुसरी शाखा आता वाईला असते. यापूर्वी मी त्यांना फोन करून पणजोबांच्या वरची नावं विचारली होती. तिकडचे चुलतकाका पुष्कळ वेळ खोकले, मग म्हणाले, कागद होते रे, पण सगळे पानशेतात गेले. पुण्यात हे उत्तर मला चालतं. १२ जुलै १९६१ ला नदीकाठच्या पेठांत खरोखरच लोकांचे संसार वाहून गेले, आणि त्यानंतर पुण्यात न सापडणारा प्रत्येक कागद त्याच दिवशी गेलेला आहे, जे बंगले टेकडीवर होते त्यांचासुद्धा. पण कृष्णेकाठी राहणाऱ्या माणसाने मुठेच्या पुरात दप्तर कसं घालवलं, हे मला विचारवलं नाही.

भाच्याने मात्र सापडलं तेवढं झाडावर चढवलं आणि सगळ्या नातेवाइकांना दुवा पाठवला. संकेतस्थळाला थोरली पाती, धाकटी पाती काही कळत नाही. जे नाव आधी भरलं ते त्याने डावीकडे, वर टाकलं. आम्ही वर, वाईकर खाली. दुसऱ्या दिवशी ‘कुलकर्णी परिवार’ या गटातून वाईकर बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत ‘कुलकर्णी परिवार (मूळ)’ असा दुसरा गट निघाला. आठवडा उलटायच्या आत माझ्या नावाने स्पीड पोस्टाने जाड लिफाफा आला, पोचपावतीसकट. आत चुलतकाकांचं पत्र, आणि पत्राला जोडलेली वंशावळ, साक्षांकित. आमच्या माहितीतल्या मूळपुरुषाच्याही वर चार पिढ्या. दत्तक कुठून कुठं गेले त्याचा खुलासा, दोन्ही विष्णूंचे मृत्यू तिथीवार, त्या उखाण्यातल्या पणजोबांचं नाव (गोविंदच निघालं), वतनाच्या निवाड्याची नक्कल. पानशेतात वाहून गेलेलं सगळं दप्तर झेरॉक्स होऊन कोरडं ठाक घरी आलं होतं. शेवटी ताकीद : थोरलेपणाची दुरुस्ती पंधरा दिवसांत न केल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल.

भाचा फोनवर आनंदाने ओरडत होता. म्हणाला, लगेच माफी माग, त्यांना वर टाकतो. भाऊसाहेबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"काही टाकू नका," ते म्हणाले. "एवढ्यात मान्य केलंत तर पुढचं काही यायचं नाही. यांच्याकडे अजून कागद आहे." मग त्यांनी फुलस्केप मागवला, समास सोडला आणि मला मजकूर सांगायला सुरुवात केली : "आपले पत्र पोचले. त्यातील मजकूर आम्हास मान्य व कबूल नाही. आपण जोडलेली वंशावळ अपुरी असून..."